घर माहेरी गेलं तो सोमवार

परवा लेकीने एक गाडी भाड्याने आणली. आत पलंग, गॅसची शेगडी, तोंड धुवायचं भांडं, एवढासा फ्रिज आणि खिडक्यांना पडदे. गाडीत बसायचं, वाटेल तिथे थांबायचं, गाडीतच जेवायचं नि झोपायचं. पुण्याहून नवरा-बायको ती घेऊन थेट बीडला माझ्या दारात आली. जावई मला एकेक कळ दाबून दाखवत होते आणि मी "अगंबाई, हो का" म्हणत होते, कारण जावयाच्या हौसेवर पाणी ओतू नये एवढं मला कळतं. पण मनात हसू येत होतं. असल्या गाडीत माझं निम्मं बालपण गेलंय हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत! फ्रिज नव्हता, एवढंच. एरवी माझं आणि लेकीचं वर्षानुवर्षं एकच चालतं. ती म्हणते, "आई, तू ये ना पुण्याला," मी म्हणते, "आधी तू ये," आणि दिवाळी येते नि जाते. या खेपेला ती आली होती, तेही घर घेऊन. "कुठे जायचं ते तू सांग," ती म्हणाली. माझ्या तोंडून "सौताड्याला" असं इतक्या पटकन निघालं की माझी मीच चपापले. धबधबा पाहायचा म्हणून दोघं खूश झाली. मला मात्र धबधब्याआधी एक जुनी मॅटाडोर दिसायला लागली.

ती मॅटाडोर आमची. म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची. सिरसाळ्याजवळ आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. पेरणी उरकली की शेत चुलत्यांच्या हवाली करायचं आणि पोळ्यापर्यंत बाजारोबाजार बैलांचा साज विकत हिंडायचं, हा दादांचा धंदा. घुंगरमाळा, गोंडे, कासरे, वेसणी, म्होरक्या, शिंगांना लावायचा हिंगूळ, पाठीवरच्या आरशांच्या झुली. सिरसाळ्याचा बाजार झाला की वडवणी, मग नेकनूर, मग पाटोदा, आणि पुन्हा उलट. रोज घरी परतणं परवडायचं नाही, म्हणून दादांनी गाडीतच घर केलं. एका बाजूला फळी, तिच्यावर वाकळा. फळीखाली पिठाचा डबा, तिखटमिठाचा डबा, स्टो. कोपऱ्यात दोरीने आवळून बांधलेला पाण्याचा हंडा. वर टपाखाली आडवे बांबू आणि त्या बांबूंना लोंबणाऱ्या घुंगरमाळा. रस्त्यात खड्डा आला की सगळं घर छुमछुम वाजायचं. आणि आमच्या जिल्ह्यात खड्ड्यांची ददात कधीच नव्हती. बाजाराच्या गावात शिरलो की पोरं गाडीमागे धावायची आणि म्हातारी माणसं ओट्यावरून विचारायची, "आरं, बैलं कुठं हाईत?" त्या आवाजात मी झोपले, त्या आवाजात शिकले, त्या आवाजात माझे दुधाचे दात पडले. आजही एखाद्या घरात फार शांत असलं की मला वाटतं, गाडी बंद पडली.

माझी माय त्या घरात पहिल्या दिवशी शिरायलाच तयार नव्हती. "बिनउंबऱ्याचं घर आसतंय का कुठं?" ती म्हणाली. दादा उठले, बाभळीची एक फळी तासली आणि मागच्या दाराला खाली ठोकून दिली. झाला उंबरा. मग माय उजवा पाय टाकून आत आली. रोज सकाळी, गाडी कुठल्याही गावात असो, ती त्या फळीवर पाणी शिंपडायची, रांगोळीच्या दोन रेघा ओढायची, हळदीकुंकू वाहायची. एकदा एक हवालदार गाडी तपासायला आला. फाळका पाडून वर चढणार तेवढ्यात त्याला कुंकू दिसलं. तो थबकला, खाली उतरला आणि बूट काढून आत आला. दादा ही गोष्ट मरेपर्यंत सांगायचे. म्हणायचे, "सरकारला बूट काढाया लावलं तुझ्या मायनं."

माय सौताड्याची. धबधब्याच्या काठी वाढलेली. तिकडची माणसं मोठ्याने बोलतात, कारण पावसाळाभर पाण्याच्या आवाजावरून ओरडल्याशिवाय शेजारणीलाही ऐकू जात नाही. लग्न होऊन माय सिरसाळ्याला आली ती असला आवाज घेऊन. सासरच्या बायका हसायच्या. "हळू बोल गं, आमी काय दरीपल्याड हाव का?" म्हणायच्या. हळूहळू तिचा आवाज बसत गेला. मी पाहिलेली माय कमी आणि हलकं बोलणारी होती. कधी रात्री गाडीच्या टपावर पाऊस जोराचा लागला तर मात्र उठून बसायची आणि म्हणायची, "असाच. पर ह्याच्या दसपट." बाकी माहेराविषयी बोलायची सोय नव्हती, कारण माहेर तुटलेलं होतं.

तुटलं ते घड्याळापायी. नवरदेवाने पंगतीत रुसायचं, सासऱ्याने समजूत घालून काहीतरी कबूल करायचं, ही आपल्याकडची जुनी गंमत. दादा बिचारे रुसणाऱ्यातले नव्हेत, पण चुलत्यांनी चढवलं आणि ते मनगटी घड्याळासाठी घास न उचलता बसले. आमचा आजा, मायचा बाप, तापट. भर मांडवात म्हणाला, "जेवायचं तर जेवा, न्हाईतर उठा." चुलते उठले. पाठोपाठ सगळं वऱ्हाड भरल्या ताटांवरून उठलं, दादासुद्धा. अन्नावरून उठणं म्हणजे काय अपमान असतो, हे ज्याने पंगत वाढली आहे त्यालाच कळतं. तेव्हापासून आजाने सौताड्याहून मुराळी धाडला नाही. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस, बहुधा भाऊच. मुराळी आल्याशिवाय सासुरवाशिणीने आपण होऊन माहेरी जायचं नाही. गेली तर दोन्ही घरांची मान खाली, असं चुलत्यांनीही तिला बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही राहिलं. माझा जन्म सिरसाळ्याचा. पंचमीच्या आधी गल्लीतल्या बायकांचे भाऊ येऊ लागायचे आणि माय सूप घेऊन दारात उभी राहायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. दादांनी जन्मभर मनगटाला घड्याळ बांधलं नाही. वेळ विचारली की आभाळाकडे बघायचे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, त्या वर्षी श्रावणात आम्ही पाटोद्याच्या बाजारात होतो. एक बाई म्होरकी घ्यायला आली आणि मायकडे बघतच राहिली. सौताड्याचीच निघाली. बरोबरच्या माणसांना पुढे धाडून ती गाडीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या मायचं डोळं गेल्यात जमा हाईत बघ. उजेडात धरलं तर दिसतंय थोडं. म्हणतीय, नात बघायची ऱ्हायली. उजेड हाय तंवर दिसली तर दिसली." एवढं सांगून ती गेली. माय त्या दिवशी गिऱ्हाइकांना मागितलं एक आणि दिलं भलतंच असं करत राहिली.

संध्याकाळी दादा शेंगोळे खात होते. खाता खाता म्हणाले, "सोमवारी सौताड्याच्या जत्रंत दुकान लावू."

मायने पळी खाली ठेवली. "मुराळी आल्याबिगर मी जायाची न्हाई. तुमच्याच घरचा शब्द हाय त्यो."

"तू कुठं जातीस?" दादा म्हणाले. "तू घरातच हाईस. उंबऱ्याच्या आत ऱ्हा. घर जातंय. घराला कुठं मुराळी लागतोय?"

मायने पळी पुन्हा उचलली. मग तिने दादांच्या ताटात न विचारता आणखी शेंगोळे वाढले. आमच्या घरात ही होकाराची रीत होती. मला आज वाटतं, दादा हा विचार त्या संध्याकाळी करून बोलले नसणार. कदाचित उंबऱ्याची फळी तासतानाच त्यांच्या डोक्यात तो आला असेल. विचारायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी आम्ही पोचलो. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. आधी वाटलं, लांबून ट्रक येतोय. मग तो ट्रक येईच ना, नुसता येतच राहिला. जवळ गेलो तशा आमच्या घुंगरमाळा मुक्या झाल्या. हलताना दिसत होत्या, वाजत नव्हत्या. खाली खोल दरी, दरीच्या पोटात रामेश्वराचं देऊळ, आणि समोरून कड्यावरून नदीच्या नदी खाली पडत होती. दादांनी गाडी कड्यापासून जरा मागे लावली आणि मागचं दार दरीकडे केलं. पलीकडच्या काठावर शेतं होती, पत्र्याचं एक घर होतं, दारात चिंच होती. "ती चिंच आमची!" माय ओरडली. मी दचकले. तिचा तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. केवढा मोठा आवाज! दादा हसले आणि दुकान मांडायला गेले.

माय उंबऱ्याच्या आत बसली ती बसलीच. दारातून तिला धबधब्याचा वरचा तुकडा तेवढा दिसत होता, बाकीचा कड्याआड. मग मी धावत जायची, बघायची आणि परत येऊन सांगायची. ती विचारायची, "मधल्या काळ्या कातळाला पानी लागतंय का?" मी पळत जाऊन बघून यायची. "लागतंय." "दोन धारा हाईत का एकच?" पुन्हा पळायची. "दोन. मधून मधून एक हुती." ती मान डोलवायची. "मंजी लई न्हाई. भरलं की एकच आसती." वीसेक पावलं पुढे आली असती तर सगळा धबधबा तिच्यासमोर होता. पण ती फळी ओलांडून आली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. देवाने पाय दिलेत ते कशाला, असं वाटलं होतं. आज राग येत नाही, पण समजलं असंही म्हणवत नाही.

जत्रेत सौताड्याच्या जावयाचं दुकान लागलंय म्हटल्यावर गावात कळायला कितीसा वेळ लागणार? दुपारी भगर शिजत होती. गर्दीतून एक म्हातारी काठी टेकत एकटीच आली, गाडीचा पत्रा चाचपत मागे आली आणि फाळक्याशी थांबली. तिची बोटं उंबऱ्यावर फिरली. बोटांना कुंकू लागलं. ते तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"हे माझ्या लेकीचं घर हाय का?" तिने विचारलं.

"हाय," माय म्हणाली. "या की आत."

मुलीला माहेरी जायला बोलावणं लागतं. आईला लेकीच्या घरी यायला ते लागत नाही. दादांनी हात देऊन तिला वर घेतलं आणि ते लगेच दुकानाकडे निघून गेले. आजीने उजवा पाय आत टाकला. मला वाटलं, आता दोघी गळ्यात पडून रडतील. पण आधी आजीला रीत पाळायची होती. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं. तिने मला दाराच्या उजेडात ओढलं, हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःच्या नाकाला लागेल इतकं जवळ घेतलं. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. तिच्या तोंडाला तंबाखूच्या मिश्रीचा वास होता. "नाक आमचं हाय," ती म्हणाली. "बाकी त्येंचं." मग म्हणाली, "आन आता पानी." माय तांब्या घेऊन आली.  आजी पाणी प्याली आणि तेव्हा कुठे दोघी रडल्या.

मग आजीने घर बघितलं. हाताने बघितलं. पिठाचा डबा, वाकळा, हंडा, हंड्याची दोरी. "मीठ कुठं ठिवतीस? ... स्टोजवळ कावून ठिवतीस, वाफंनं पाझरंल की." सोमवारचा दोघींचाही उपास. भगर आणि दाण्याची आमटी एका ताटात घेऊन त्या खात बसल्या आणि बोलत बसल्या. दोघींचे आवाज सौताड्याचे, पण पाणी इतकं कोसळत होतं की मी दारात बसूनही मला एक अक्षर कळलं नाही. वर्षानुवर्षांचं बोलणं त्या उघड्यावर ओरडून बोलल्या आणि जगात कुणाला ते कळलं नाही. मध्येच मी पाहिलं, पलीकडच्या कड्यावर एक माणूस उभा होता. पांढरा फेटा, हातात काठी, मागे दोन बैल. तो आमच्या गाडीकडे बघत होता. इकडे दादाही दुकान सोडून कड्याशी उभे राहिले. दादांनी सगळ्यात लांब घुंगरमाळ उचलली आणि डोक्यावर धरून जोरात हलवली. त्या आवाजात पलीकडे काय ऐकू जाणार? पण हलवली. पलीकडचा माणूस हलला नाही. गेलाही नाही.

"तितंच हाईत का?" आजीने मला जवळ ओढून विचारलं. तिला तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

"हाईत," मी म्हटलं.

"मला म्हनले, रामेश्वराला जा. येळ लागला तरी चालंल." आजीने भगरीचा शेवटचा घास घेतला. "कंदी म्हनत न्हाईत असं."

निघताना तिने पदराची गाठ सोडली. आत गहू होते, सुपारी होती आणि एक हिरवा खण. तिने मायची ओटी भरली. माय म्हणाली, "आगं, तू चाललीस, आन् वटी माझी?" आजी म्हणाली, "मी कुठं चालले? मी हितलीच हाय. चाललीस तू." खरंच होतं. लेक माहेराहून निघते तेव्हाच तिची ओटी भरतात. माय त्यानंतर कायम म्हणायची, "त्या साली मी माहेरी गेलते." आम्ही निघालो तेव्हा मागचं दार उघडंच होतं. पांढरा फेटा दिसेनासा होईपर्यंत माय दारात उभी होती. पुढे आवाज विरला आणि आमची गाडी पुन्हा वाजायला लागली.

पुढच्या श्रावणात मी रोज विचारायची, सौताड्याला कधी? दादा म्हणाले, "एकदा आडवाटंनं गेलो, देवानं खपवून घेतलं. दरसाल गेलो तर लोकं म्हनतील, बिनबोलावता येत्यात." मायलाही ते पटलं. तिला पक्कं वाटत होतं की आता बापाचा राग उतरलाय, आता मुराळी येणार. तिने एक लुगडं न नेसता त्यासाठी घडी घालून ठेवलं. मुराळी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी मोठी झाले, शिकायला बीडला राहिले, पोळ्याचा धंदा बसला, मॅटाडोर विकली. आणि मग एके दिवशी माणूस आला, पण तो मुराळी नव्हता. आजा गेला म्हणून सांगायला आला होता. मयताला जायला बोलावणं लागत नाही. माय लग्नानंतर पहिल्यांदा बापाच्या घराचा उंबरा ओलांडून गेली ती अशी.

मी बरोबर होते. आजी कोपऱ्यात बसलेली, डोळे आता पुरते गेलेले. मायचा हात हातात आल्यावर तिने पहिलं काय विचारलं तर, "गाडी आणली का गं?"

"गाडी इकली की कवाच," माय म्हणाली.

आजीने मायचा हात चाचपून पाहिला. मग म्हणाली, "दरसाल श्रावणात सोमवार आला की ह्ये बैलं घिऊन कड्याला जायाचे. दिसभर. तितं गवत तरी कुठं हाय? मी म्हनायची, पोराला धाडा की मुराळी. म्हनायचे, कावून? तिचं घरच येतंय की."

ते ऐकून माय रडली नाही. ती उठली, बाहेर गेली आणि चिंचेखाली उभी राहिली. इकडे आम्ही मुराळ्याची वाट बघत होतो, तिकडे तो घराची वाट बघत होता. रागावलेलं तर कुणीच उरलं नव्हतं! मला आजही त्या दोघांना, माझ्या बापाला आणि त्या आजाला, समोरासमोर बसवून चांगलं झापावंसं वाटतं. दोघेही आता नाहीत.

त्यानंतर मामा दरवर्षी मायला न्यायला यायचा. माय जायची, आजीला न्हाऊ घालायची, आणि दुपारी कड्यावर, आजा उभा राहायचा त्या जागी जाऊन बसायची. मी एकदा विचारलं, धबधबा बघतेस का? "धबधबा काय, लई बघितला," ती म्हणाली. "आपलं घर कुठं हुबं हुतं ते बघते."

परवा लेकीची गाडी बरोबर तिथेच उभी राहिली. आता तिथे कठडा आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, फोन उंच धरलेली पोरं आहेत. पाण्याच्या दोन धारा होत्या. लेक म्हणाली, "आई, उतर ना, इथून काय दिसतंय तुला?" मी दारातच बसले होते, पाय आत. पलीकडची चिंच अजून आहे. मग मी तिला तिथेच हे सगळं सांगितलं, ओरडून ओरडून, कारण पाणी काही ऐकू देत नव्हतं. सांगताना लक्षात आलं, माझा आवाज मायसारखा निघतोय. ती ऐकत राहिली. जावयांनी चहा केला तो तिघांचाही निवून गेला.

बीडला परत आल्यावर ती मला सोडायला दारापर्यंत आली. नेहमीप्रमाणे म्हणणार, "आता तू ये," आणि मी म्हणणार, "आधी तू." तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "पुढच्या सोमवारी मी येते पुण्याला."

"न बोलावता?" तिने हसून विचारलं, पण डोळे भरले होते.

"न बोलावता," मी म्हणाले, आणि आत जाऊन पिशवी काढली.